नादार असल्याचा दाखला

कॉलेजात वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळवायला दोन गोष्टी लागत, डोकं आणि दारिद्र्य. डोक्याचा निकाल मॅट्रिकच्या परीक्षेनं लावून टाकला होता. दारिद्र्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. लहानपणापासून ते मी रोज बघत आलो होतो, त्याच्याशी माझी चांगली ओळख होती. ते सिद्ध करायला इतका घाम गाळावा लागेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

काळ निजामाच्या राज्याचा. औरंगाबादेतल्या कॉलेजात शिकवणं सगळं उर्दूतून चालायचं, आणि उर्दू मला बऱ्यापैकी येत होती. अडचण होती ती बाकीच्या गोष्टींची. फी, पुस्तकं, दोन वेळचं जेवण आणि शेरवानी. शेरवानीशिवाय वर्गात बसता येत नसे. वजीफा मिळाला तर हे सगळं जमणार होतं. नाही मिळाला तर हातात काठी घेऊन मेंढरांमागं जायचं, एवढाच दुसरा रस्ता होता. आम्ही धनगर. मेंढरांबद्दल माझी काही तक्रार नव्हती, पण त्यांची माझ्याबद्दल असावी. माझ्या राखणीत एखादं कोकरू हमखास चुकायचं, आणि आबा, माझा बाप, ते हुडकत संध्याकाळपर्यंत माझ्या नावानं शिव्या घालत हिंडायचा.

आमची वाडी फुलंब्रीच्या अलीकडं होती. शहरात शिकायला मी राहत होतो तो लोकरीच्या एका व्यापाऱ्याकडं, शहागंजात. आबा कातरणीची लोकर वर्षानुवर्षं त्यालाच घालायचा. मी त्याला चाचा म्हणायचो. त्याच्या दुकानाच्या माळ्यावर लोकरीच्या गोण्या होत्या आणि गोण्यांच्या मध्ये मी होतो. उन्हाळ्यात तिथं झोपणं ही शिक्षाच होती, पण चाचीच्या हातची खिचडी खाल्ली की सगळी तक्रार जिरायची.

वजीफ्याला काय काय लागतं हे विचारायला मी आणि चाचा कॉलेजच्या कचेरीत गेलो. तिथल्या कारकुनानं तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारलं आणि एका दमात सांगून टाकलं. निकालाचा कागद हवा. तू याच मुलुखातला, म्हणजे मुलकी, असल्याचा दाखला हवा. शहरात तुझी जबाबदारी घेणारा वली हवा. आणि बाप नादार असल्याचा, म्हणजे त्याला खर्च झेपत नसल्याचा, तहसिलीतून दाखला हवा.

"मुलकी?" चाचा म्हणाला. "अजी, इसके मेंढे भी मुलकी हैं!"

वली म्हणून चाचानं तिथल्या तिथं सही ठोकली. रिश्ता काय, असं कारकुनानं विचारलं तेव्हा तो जराही न अडखळता "ऊन का" म्हणाला, म्हणजे लोकरीचा. कारकुनानं थोडा विचार करून 'खानदानी दोस्त' असं लिहिलं. मला ते फार आवडलं.

तीन कागद झाले. राहिला चौथा. तो सगळ्यात सोपा, असं मी समजत होतो. पण आधी म्हणे हवेलीवाल्यांच्या पोरांनीही नादारीचे दाखले आणून दिले होते, म्हणून तहसिलीनं नवा रिवाज काढला होता. गिरदावर, म्हणजे तहसिलीचा तपासणी अंमलदार, स्वतः गावी जाऊन घर बघणार, गुरंढोरं बघणार आणि मगच लिहिणार. मी म्हटलं, बघू दे की. आमच्या घरात बघण्यासारखं काही नाही हेच तर त्याला बघायचं होतं.

लोकर घेऊन येणाऱ्या गाडीवानाबरोबर मी आबाला निरोप धाडला, की कॉलेजच्या वजीफ्यासाठी गिरदावर साहेब घर बघायला येणार आहेत. पुढच्या खेपेला आबाचा निरोप आला. "साहेबास्नी घिऊन ये. तुजी मान खाली जायाची नाय." ते ऐकून मला गहिवरून आलं. गहिवरण्याऐवजी थोडा विचार केला असता तर फार बरं झालं असतं.

गिरदावर साहेब अंगानं भारी आणि बोलायला गोड होते. ते घोडीवर, मी पायी. रस्ताभर ते मला आपले अनुभव सांगत होते. कुणी कडब्याच्या गंजीआड म्हैस कशी दडवली, कुणी बैल सासुरवाडीला कसे धाडून दिले, कुणी तांब्याची भांडी विहिरीत कशी सोडली. "साब आया के सब भिकारी!" असं म्हणून ते खो-खो हसायचे. मीही हसत होतो. आपल्याला असलं काही करायची गरज नाही याचा मला अभिमानच वाटत होता.

वाडीच्या तोंडाशी पोचलो आणि माझं हसू आटलं.

घराच्या कुडावर आंब्याच्या पानांचं तोरण होतं. दारात बाज, बाजेवर लाल गालिचा. बाजूला झूल घातलेली घोडी, जी वाडीतल्या प्रत्येक लग्नात मिरवायची आणि होती पाटलाची. माय दारात उभी होती आणि तिच्या दंडात चुलतीच्या चांदीच्या वाक्या होत्या. आबानं डोक्याला नवाकोरा पटका बांधला होता. आणि घरामागच्या माळावर, बघावं तिकडं, मेंढरंच मेंढरं! आमची त्यातली कुठली हे आमच्या कुत्र्यालाही कळत नव्हतं. ते बिचारं मधोमध बसून नुसतं जांभया देत होतं.

मला सगळं लख्ख कळलं. आमच्यात मुलगी बघायला पाहुणे आले की अख्खी वाडी आपापली मेंढरं त्या घरच्या कळपात सोडते. कुणी भांडी देतं, कुणी दागिने. पाहुण्यांनाही ते ठाऊक असतं, कारण त्यांनीही आपल्या वाडीत तेच केलेलं असतं. पण घर राखायचं ते राखायचंच. आबानं गिरदावराचाही तसाच पाहुणचार मांडला होता. वाडीनंही हात आखडता घेतला नव्हता.

साहेब घोडीवरून उतरून माळावर हिंडले. आमच्यात ज्याच्या त्याच्या मेंढरांच्या पाठीवर वेगळ्या रंगाचा पट्टा असतो, ओळखायला. साहेबांनी आबाला विचारलं, हे रंग वेगवेगळे का?

आबानं क्षणभर आभाळाकडं बघितलं. "लाल हायती त्या दुधाच्या, साहेब. काळ्या लोकरीच्या. निळ्या इकायच्या."

"और हरे?"

आबा अडकला. मग म्हणाला, "हिरव्या हौसेच्या."

हौसेसाठी मेंढ्या पाळणारा माणूस! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. साहेबांनी मान डोलावली. मग जेवणं झाली. मुलाण्याला बोलावून बकरं कापलं होतं, साहेबांनी रस्सा दोनदा मागून घेतला आणि मायची तारीफ केली. हात धुऊन त्यांनी दौत-लेखणी काढली. समोर बसून मला अक्षरं उलटी दिसत होती, तरी वाचता आली. 'खुशहाल.'

मी आबाला हाताला धरून कडब्याच्या गंजीमागं नेलं. मला इतका संताप आला होता की आवाज दबून राहीना.

"आबा, हे काय करून ठेवलं? तो वजीफा गरिबाच्या पोराला मिळतो, गरिबाच्या!"

"आसं कुटं आस्तंय व्हय?" आबा शांतपणे म्हणाला.

"असंच असतंय!"

"आरं लेका," त्यानं मला कोकराला गोंजारावं तसं चुचकारलं, "गारखेड्याच्या रानात मेंढरं बसवाया इचाराया गेलो, तर कुणबी पयलं काय इचारतो? किती हायती. थोडी हायती म्हनलं तर दारात बी हुबा करत नाय. लई लेंड्या पडनार आसतील तरच रान देतो, जवारी देतो. सोयरीक कराया जा, किती हायती. सावकाराकडं जा, किती हायती. जलमात मला कुनी म्हनलं नाय, की बाबा, तुज्याकडं काय नाय ना, मंग हे घे. आन सरकार म्हनंल व्हय?"

"सरकार म्हणतंय, आबा."

 मी थट्टा करतोय का हे त्यानं दोन-तीनदा तपासून बघितलं.

"मंग येडंच हाय सरकार," तो म्हणाला.

त्याचं काही चुकत नव्हतं, हे मला आज कळतं. त्याच्या सगळ्या आयुष्यात ज्याच्याकडं होतं त्यालाच मिळत आलं होतं. तेव्हा मात्र मला कॉलेजचा दरवाजा डोळ्यांदेखत बंद होताना दिसत होता, आणि बंद करणारा माझा बाप होता.

"आता काय कराचं?" त्यानं विचारलं.

"साहेबांना सांगायचं, की आपण नादार आहोत. आपल्याकडं काही नाही."

आबानं पटका नीट केला. "समद्या वाडीम्होरं?"

 सोयरीक असो की भांडण, 'माझ्याकडं काही नाही' हे वाक्य आमच्यात कुणी कुणापुढं उच्चारत नाही. जनावरं मेली तरी माणूस म्हणतो, पुढल्या साली होतील. आबा गंजीच्या पलीकडून साहेबांकडं बघत नुसता उभा राहिला. तसाच दिवस कलला.

त्या मांडामांडीत वाडीच्या लोकांकडून एक चूक झाली होती. मेंढ्या आमच्या माळावर आणल्या, पण कोकरं आपापल्या घरी कुडातच ठेवली होती. कोकरं सोबत आणली असती तर गोंधळ झाला असता म्हणून. दिवसभर ठीक चाललं. पण उन्हं उतरली तशी कोकरांना भूक लागली आणि त्यांनी वाडीच्या चारी कोपऱ्यांतून ओरडायला सुरुवात केली. ते ऐकल्याबरोबर सगळ्या लेकुरवाळ्या मेंढ्या उधळल्या. काळ्या एकीकडं, निळ्या दुसरीकडं, हौसेच्या हिरव्या तर साहेबांच्या बाजेखालून पळाल्या. त्यांच्यामागं बाकीच्या धावल्या. आपापल्या कोकरांकडं धावणाऱ्या आयांना कोण अडवणार? बघता बघता माळ रिकामा झाला. उरली लाल पट्ट्याची आमची थोडीशी मेंढरं आणि आमचं कुत्रं.

मला आनंदानं नाचावंसं वाटलं. मी साहेबांकडं वळलो, तर ते रागानं थरथरत उभे होते.

"छुपा रहे हैं!" ते ओरडले. "मेरे सामने! मेरे सामने जानवर छुपा रहे हैं!"

आयुष्यभर त्यांनी दडवादडवीच बघितली होती. कुणी खोटी श्रीमंती दाखवत असेल हे त्यांच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. त्यांनी लेखणी काढली आणि 'खुशहाल'च्या पुढं जनावरं पळवल्याचंही लिहून टाकलं. मी हात जोडले, गयावया केली, रडकुंडीला आलो. शेवटी ते म्हणाले, सकाळी चावडीवर पंचांसमोर साक्ष काढू. वाडीनं सांगितलं की हा माणूस नादार आहे, तरच कागद बदलेन.

सकाळी चावडी भरली. मला वाटलं, आता सुटलो. ज्यांची मेंढरं त्यांनी सांगायचं की आमची आहेत, झालं!

साहेबांनी माझ्या चुलत्याला विचारलं. चुलता छाती काढून म्हणाला, "नादार? आमचा मानूस? नाय बा!"

दुसरा म्हणाला, "त्येच्या लोकरीला शेरातनं गाडी येती, साहेब."

तिसऱ्यानं तर आबाच्या नावावर एक विहीर बांधून टाकली. ती आजपर्यंत कुणाला सापडलेली नाही. ज्याला त्याला वाटत होतं, आपण भावकीतल्या माणसाची अब्रू राखतोय. एकाचंही मन वाईट नव्हतं, आणि प्रत्येकजण माझ्या वजीफ्यावर एकेक धोंडा ठेवून खाली बसत होता. मी मायकडं बघितलं. ती बायकांमध्ये पदर तोंडाला लावून बसली होती.

तेव्हा आबा उठला.

"साहेब," तो म्हणाला, "ती मेंढरं माजी नायती. ह्यास्नी मीच आनाया लावली व्हती. घोडी पाटलाची. वाक्या भावजयीच्या. हिर कुटंबी नाय. मटन तेवडं माजं व्हतं."

चावडीत कुणी हसलं नाही.  साहेबांनी विचारलं, "तो तुम नादार है?"

आबानं माझ्याकडं बघितलं. शब्द तोच का, असं ते बघणं होतं. मी मान हलवली.

"व्हय," तो म्हणाला. "नादार हाय."

सगळे खाली बघायला लागले. माझ्यासाठी तो दिवस आनंदाचा होता, आणि मला आनंद झालाही, पण माझा बाप कुणापुढं इतक्या हळू बोललेला मी ऐकला नव्हता. साहेबांनी पहिला कागद फाडला, दुसरा लिहिला, त्यावर आबाचा अंगठा घेतला. घोडीवर बसताना ते आबाला म्हणाले, "मटन वापस नहीं कर सकता, मियाँ," आणि हसत निघून गेले.

वजीफा मिळाला. शेरवानी शिवली, तीही चाचानं मापापेक्षा ढगळ शिवायला लावली, म्हणजे वाढत्या अंगाला पुरेल. कॉलेजात मी सुखात होतो. आयुष्यात पहिल्यांदा सकाळी उठून जनावरांचं तोंड बघावं लागत नव्हतं आणि दुपारी झाडाखाली बसून पुस्तक वाचलं तर कुणी शिव्या देत नव्हतं.

वर्ष संपत आलं तेव्हा त्या पानवाल्या कारकुनानं मला बोलावून सांगितलं, की वजीफा दर साल नवा करावा लागतो. पास झालेलं पाहिजे, हजेरी भरलेली पाहिजे, आणि नादारीचा दाखला पुन्हा आणलेला पाहिजे.

"पुन्हा?" मी म्हटलं. "एका वर्षात माझा बाप काय नवाब होणार आहे?"

"कायदा आहे," कारकून म्हणाला.

मी सुट्टीत घरी गेलो. आबा घरी नव्हता. तो पाचोडच्याही पलीकडं मेंढरं घेऊन गेला होता, असं मायनं सांगितलं. इतक्या लांब का, तर गारखेड्याच्या कुणब्यांनी त्या साली रान दुसऱ्याला दिलं होतं. चावडीवरचं बोलणं बाजाराबरोबर सगळीकडं पोचलं होतं. ज्यानं आपल्याकडं काही नाही असं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, त्याची मेंढरं कोण बसवून घेणार? माय हे सगळं भाकरी थापता थापता सांगत होती, माझ्याकडं न बघता. आबानं मला यातलं एक अक्षर कळू दिलं नव्हतं.

मला ती भाकरी गिळेना. मी ठरवून टाकलं, आता पुन्हा दाखला मागायचा नाही. चाचाच्या दुकानात हिशेब लिहायला बसायचं. आबा परतल्यावर त्याला तसं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गिरदावर कदी येनार?"

"आबा, मी म्हणतोय काय?"

"तू म्हनतोस ते म्हन. कदी येनार ते सांग."

या खेपेला गिरदावर नवा होता, किडकिडीत, घाईतला. बाजेवर गालिचा नव्हता, माळावर फक्त आमची मेंढरं होती. घर बघायला साहेबांना पाच मिनिटंही लागली नाहीत. चावडीवर मात्र सगळी वाडी जमली होती. गेल्या वर्षीचं आठवून सगळे अवघडून बसले होते, आणि चुलता तर खांबाआड.

साहेबांनी कागद उघडला, दौत उघडली. काही विचारायच्या आत आबा उठून उभा राहिला आणि माळावरून पलीकडच्या माळावर हाक मारावी तशा आवाजात म्हणाला, "लिवा साहेब. नादार हाय!"

साहेब दचकले. त्यांनी लिहिलं आणि कागद अंगठ्यासाठी पुढं केला.

आबानं हात मागंच ठेवला. "म्होरं लिवा. पोरगं कालिजात हाय."

"उसकी जरूरत नहीं," साहेब म्हणाले. "कागजात उसकी जगा नहीं है."

"मंग माजा आंगठा बी नाय," आबा म्हणाला.

चावडीत चुळबुळ झाली. खांबाआडून चुलत्याचं डोकं बाहेर आलं. साहेबांनी एकदा आबाकडं बघितलं, एकदा उन्हाकडं, आणि चरफडत कागदाच्या कडेला एक ओळ बारीक अक्षरात लिहिली.

आबानं तो कागद उचलून माझ्या हातात दिला. "वाच," तो म्हणाला. "समद्यास्नी आयकू जाऊ दे."

मी आधी उर्दूतून वाचलं, मग आमच्या बोलीत सांगितलं, की हा माणूस नादार आहे आणि याचं पोरगं कॉलेजात आहे.  आबा चावडीभर नजर फिरवत होता, एकेकाच्या तोंडाकडं बघत.

"शेवटचं पुना वाच," तो म्हणाला, आणि मी ते पुन्हा वाचल्यावरच त्यानं अंगठा शाईत बुडवला.